गुणवत्तेच्या परिषदेत कारखान्याने काय न्यावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) गुणवत्ता विभाग सांभाळतो. सर्वंकष गुणवत्ता व्यवस्थापनावर (गुणवत्ता ही सर्व खात्यांची जबाबदारी मानणाऱ्या पद्धतीवर) भरणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी आम्ही निबंध पाठवावा, अशी आमच्या मालकांची इच्छा आहे. अशा परिषदांत बहुतेक वक्ते प्राध्यापक असतात. दीडशे कामगारांच्या आमच्या कारखान्याला तिथून काय मिळणार, आणि तिथे सांगण्यासारखे आमच्याकडे तरी काय आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध मी आधी घेतो, कारण परिषदेतून काय मिळेल हे आपण तिथे काय घेऊन जाता यावरच पुष्कळसे ठरते.

आपल्या कारखान्यातील रिजेक्शनची नोंदवही ही या विषयातील अस्सल सामग्री आहे, आणि प्राध्यापकांकडे नेमकी तीच नसते. गुणवत्तेच्या शास्त्राची सुरुवातही कारखान्याच्या अडचणीतूनच झाली. वॉल्टर शूहार्ट हे शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ असले, तरी ते टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला होते, आणि मे १९२४ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांना दिलेल्या एका छोट्या टिपणात पहिला नियंत्रण आलेख, म्हणजे उत्पादनातील चढउतार वरच्या-खालच्या सीमांसह दाखवणारा आलेख, काढलेला होता. उत्पादनातील कोणता चढउतार स्वाभाविक मानून सोडून द्यायचा आणि कोणत्या चढउतारामागे शोधण्याजोगे कारण आहे असे समजायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे कामातून आला होता. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने भारतात आले, देशभर फिरले आणि त्यांनी उद्योजकांसमोर परिषदा घेतल्या. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांची जपानी अभियंत्यांपुढची प्रसिद्ध व्याख्याने १९५० सालची आहेत. म्हणजे हा विचार आपल्या दारात त्याआधीच पोहोचला होता. तो आपल्या कारखान्यांत तेव्हा खोलवर रुजला नाही, याची मला आजही खंत वाटते.

जपानमध्ये तो कसा रुजला हे पाहिले की परिषदांचा खरा उपयोग ध्यानात येतो. डेमिंग यांची व्याख्याने जपानी वैज्ञानिक आणि अभियंत्यांच्या संघाने आयोजित केली होती, आणि त्यांच्या नावाचे पारितोषिक याच संघाने १९५१ पासून देण्यास सुरुवात केली. १९५४ मध्ये अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ ज्युरान जपानमध्ये आले आणि गुणवत्ता ही तपासनिसाइतकीच व्यवस्थापकाचीही जबाबदारी आहे, हे त्यांनी तेथील कंपन्यांच्या वरिष्ठांना पटवून दिले. त्यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९६२ मध्ये प्रा. काओरू इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यातील फोरमन मंडळींसाठी एक मासिक सुरू केले, आणि ते एकत्र बसून वाचावे व त्यातील पद्धती आपल्याच कामावर वापरून पाहाव्यात, यासाठी गट करण्याचे आवाहन केले. क्वालिटी सर्कल या नावाने आपल्याकडे पुढे जी चळवळ आली, तिचे मूळ या वाचनगटांत आहे. विद्यापीठातील प्राध्यापक फोरमनसाठी लिहीत होते, आणि फोरमन आपल्या कामाचे आकडे घेऊन सभेत उभे राहून बोलत होते.

युरोपला याची जाणीव झाली ती एका परिषदेतच. १९६६ च्या वसंतात ज्युरान जपानमध्ये हे गट प्रत्यक्ष पाहून आले, आणि त्याच वर्षी स्टॉकहोम येथे युरोपीय गुणवत्ता संघटनेच्या परिषदेत त्यांनी या गटांचे वर्णन करून, जपान गुणवत्तेत जगाच्या पुढे जाईल, असा इशारा दिला. पुढे १९६९ मध्ये टोकियोत जपान, अमेरिका आणि युरोप यांच्या सहकार्याने गुणवत्ता नियंत्रणावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. या परिषदेत अमेरिकेच्या आर्मंड फायगेनबॉम यांनी आपल्या निबंधात नियोजन, संघटन आणि व्यवस्थापनाची जबाबदारी यांना एकत्र गुंफणारी समग्र गुणवत्तेची कल्पना मांडली. इशिकावांनी त्यांच्या निबंधात जपानी पद्धत कुठे वेगळी आहे हे स्पष्ट केले. गुणवत्तेचे काम केवळ त्या खात्यातील तज्ज्ञांवर न सोपवता अध्यक्षापासून कामगारापर्यंत प्रत्येकाने तिचा अभ्यास करावा आणि तिच्यात भाग घ्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकाच व्यासपीठावर आलेल्या या दोन भूमिकांतील फरक आजही प्रत्येक गुणवत्ता परिषदेत कुठे ना कुठे डोके वर काढतो. माझा कल इशिकावांकडे आहे. मात्र त्यांचे म्हणणे वजनदार ठरले, ते त्यांच्यामागे हजारो गटांचे प्रत्यक्ष काम उभे होते म्हणून.

आता आपल्या निबंधाविषयी. ‘आमच्या कंपनीत सर्वंकष गुणवत्ता व्यवस्थापनाची अंमलबजावणी’ अशा ऐसपैस शीर्षकाचा मोह कृपया टाळावा. एकच दोष, एकच नग आणि एकच प्रश्न घ्यावा. समजा, आपल्याकडे एका पाळीत ४०० कास्टिंग तपासली जातात आणि दीर्घकाळचे सरासरी रिजेक्शन ६ टक्के, म्हणजे पाळीला २४ नग आहे. शूहार्ट यांच्या रीतीने सीमा काढल्या, तर प्रक्रियेत काहीही बदल झालेला नसतानाही ही संख्या साधारणपणे १० ते ३८ या टप्प्यात हलत राहील. याचा अर्थ असा की, आज ३२ नग गेले म्हणून फोरमनला बोल लावणे आणि उद्या १५ गेले म्हणून त्याला शाबासकी देणे, ही दोन्ही कामे निराधार आहेत. बहुसंख्य कारखान्यांच्या सकाळच्या बैठकीत मात्र रोज हेच चालते, आणि त्यात चांगल्या माणसांचा हुरूप खचतो. आपल्या नोंदींवरून असा आलेख काढून, सीमेबाहेर गेलेल्या पाळ्यांत वाळूचा ओलावा, धातूचे तापमान किंवा साच्याचा घट्टपणा यांपैकी काय बदलले होते, एवढे जरी आपण प्रामाणिकपणे मांडले, तरी तो निबंध ऐकण्याजोगा होईल.

आणि मग आपल्या प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर मिळेल. जाणता श्रोता आपला आलेख पाहून बहुधा विचारील की, एकाच लॅडलमधून (वितळलेला धातू ओतण्याच्या पात्रातून) ओतलेले नग एकमेकांपासून स्वतंत्र कसे मानले? हा प्रश्न अगदी योग्य आहे. लॅडलमधील धातू थंड पडला असेल, तर त्यातून ओतलेल्या अनेक नगांत एकदमच कोल्ड शट (धातूचे प्रवाह एकजीव न झाल्याने राहणाऱ्या फटी) येतात. अशा वेळी वरच्या हिशेबाने काढलेल्या सीमा वाजवीपेक्षा अरुंद पडतात, आणि नसलेली कारणे शोधण्यात आपला वेळ जातो. त्यावर उपाय म्हणजे पाळीऐवजी हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू) आणि लॅडल यांच्या क्रमांकानुसार नोंद ठेवणे. ही एक सूचना घेऊन आपण परिषदेहून कोल्हापूरला परतलात आणि नोंदवहीत दोन रकाने वाढवलेत, तर प्रवासखर्च वसूल झाला असे मी म्हणेन. नोंदवही आपली आणि प्रश्न संख्याशास्त्रज्ञाचा, अशी भेट परिषदेबाहेर सहसा घडत नाही.

प्राध्यापक आणि कारखाना यांचे हे नाते भारतातही फलदायी ठरलेले आहे. डेमिंग पारितोषिकाच्या परीक्षकांत विद्यापीठांतील प्राध्यापक मोठ्या संख्येने असतात, आणि ते सादर केलेला अहवाल वाचून थांबत नाहीत, तर कारखान्यात येऊन यंत्रावरच्या माणसापासून वरिष्ठांपर्यंत सर्वांना प्रश्न विचारतात. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटन ही हे पारितोषिक मिळवणारी पहिली भारतीय कंपनी ठरली. २००३ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला ते मिळाले आणि जगातील कोणत्याही ट्रॅक्टर उत्पादकाला मिळालेले ते पहिलेच होते. या विभागाचे कारखाने कांदिवलीत आणि नागपुरातही आहेत, हे महाराष्ट्रातील वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. या कंपन्या आपल्यापेक्षा फार मोठ्या आहेत, हे खरे. परंतु परीक्षक जो प्रश्न तिथे विचारतात, तो आपल्याही कारखान्यात विचारता येतो : हा आकडा बदलला तेव्हा आपण काय केले, आणि त्यामुळेच तो बदलला हे कशावरून?

एक विनंती आहे. साच्यावर काम करणाऱ्या ज्या कामगाराने दोषाचे कारण प्रथम ओळखले असेल, त्याचे नाव निबंधाच्या सहलेखकांत घालावे, आणि शक्य असेल तर त्याला परिषदेला सोबत न्यावे.

प्रश्न : आमच्या कंपनीकडे आठ वर्षांपासून आयएसओ ९००१ प्रमाणपत्र आहे. ऑडिट दरवर्षी सुरळीत पार पडते, पण ग्राहकांच्या तक्रारी जिथल्या तिथेच आहेत. मग सर्वंकष गुणवत्ता व्यवस्थापन म्हणजे यापेक्षा वेगळे काय? (एक वाचक, चाकण)

उत्तर : आयएसओ ९००० ही गुणवत्ता व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, आणि आयएसओ ९००१ हे त्यातीलच एक मानक आहे. आपल्याकडील प्रमाणपत्र एवढेच सांगते की, ठरलेल्या कसोट्यांना उतरणारी व्यवस्था कंपनीत आहे आणि ती पाळली जाते. ते आपल्या मालाचे प्रमाणपत्र नव्हे. व्यवस्था असणे हा पाया आहे आणि तो मी मुळीच कमी लेखत नाही, कारण लेखी कार्यपद्धतीच नसेल तर सुधारणा कशात करायची हेच कळत नाही. सर्वंकष गुणवत्ता व्यवस्थापनाचे काम त्यानंतर सुरू होते. तक्रारीच्या मुळाशी जाणे, तिथे बदल करणे, तो टिकला का हे आकड्यांनी तपासणे, आणि ही सवय खरेदीपासून विक्रीपर्यंत सर्व खात्यांना लावणे, हा त्याचा गाभा आहे.

आपण एक तपासणी स्वतःच करून पाहावी. गेल्या वर्षभरातील सुधारात्मक कारवाईचे सर्व अहवाल काढावेत आणि त्यांपैकी किती अहवालांत ‘कामगाराला समज दिली’ किंवा ‘कामगाराला पुन्हा प्रशिक्षण दिले’ एवढाच उपाय लिहिला आहे, ते मोजावे. हा वाटा मोठा निघाला, तर तक्रारी का हटत नाहीत याचे उत्तर आपल्या हाती आले. डेमिंग आणि ज्युरान या दोघांचेही ठाम मत होते की, बहुतेक दोष व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे असतो, कामगाराकडे नसतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात अधिव्याख्याता आहे. गुणवत्ता व्यवस्थापनावरील एका ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदेला मी निबंध पाठवला आणि दोनच दिवसांत तो स्वीकारल्याचे पत्र शुल्काच्या मागणीसह आले. एकही सूचना किंवा दुरुस्ती नव्हती. शुल्क भरावे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपण लिहिलेल्या खुणांवरून तरी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निबंध खरोखर वाचून त्यावर लेखी अभिप्राय द्यायला परीक्षकांना काही आठवडे लागतात, आणि एकही शंका न काढता निबंध स्वीकारला जाणे हे बहुधा तो कोणी न वाचल्याचे लक्षण असते. आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. एकाच परिषदेत गुणवत्ता, वैद्यक, साहित्य आणि शेती असे सारे विषय एकत्र आहेत का? समितीत ज्यांची नावे छापली आहेत, त्यांना विद्यापीठाच्या पत्त्यावर पत्र पाठवल्यास ती नावे त्यांच्या संमतीने छापल्याचे ते सांगतात का? आणि मागील वर्षीचे निबंध संपूर्ण स्वरूपात वाचायला मिळतात का? गुणवत्तेच्या नावाने भरणाऱ्या परिषदेत परीक्षणच होत नसेल, तर त्या विषयाची याहून मोठी हानी नाही, आणि पदोन्नतीच्या गुणांसाठी तरुण अध्यापकांना अशा ठिकाणी पैसे भरावे लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्याला चांगला निबंध लिहायचा असेल, तर त्याची सामग्री प्रश्नावल्या वाटून गोळा करू नये. ‘आपल्या संस्थेत गुणवत्तेला महत्त्व दिले जाते का’ यासारख्या प्रश्नांना एक ते पाच गुण देणाऱ्या शंभर व्यवस्थापकांची मते एकत्र केली, तरी एकाही यंत्राविषयी काही कळत नाही. लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या डाळ मिलशी किंवा तेल गिरणीशी बोलावे, अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी तिथे नोंदी घ्यायला पाठवावे, आणि डाळीतील तुकड्यांचे प्रमाण किंवा पिशव्यांच्या वजनातील तफावत यांसारखा एखादा मोजता येणारा प्रश्न निवडावा. पिशवीचे सरासरी वजन किती ग्रॅमने जास्त भरले जाते एवढे जरी काढले, तरी मालकाला त्यात लगेच रस वाटतो, आणि पुढची दारे उघडतात. संख्याशास्त्रीय बाजूसाठी भारतीय सांख्यिकी संस्थेची गुणवत्ता नियंत्रणाला वाहिलेली केंद्रे मुंबई आणि पुणे येथे आहेत. तिथे विचारणा करावी.

सध्याच्या परिषदेला मात्र निबंध मागे घेत असल्याचे लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवावी, कारण पैसे न भरताही काही आयोजक निबंध छापून टाकतात, आणि मग तोच मजकूर दुसरीकडे पाठवताना आपल्याला खुलासा द्यावा लागतो.