कादंबरी वाचलेल्यांना तिच्यावरची मालिका का आवडत नाही? बघण्याआधी पुस्तक वाचावं का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघितली, पुस्तकं मात्र एकानेच वाचली, आणि तो दर दहा मिनिटांनी “पुस्तकात असं नाहीये” म्हणून डोकं खातो. तो मी नाही. पण असा माणूस आमच्या घरात १९९४ पासून आहे, म्हणून लिहितो.

माझे मामा. नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर, रविवारची सकाळ, दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’. आम्ही पोरं टीव्हीपुढे चटईवर, मामा मागे खुर्चीत अडकित्त्याने सुपारी कातरत. त्यांनी देवकीनंदन खत्रींची ती मूळ कादंबरी वाचलेली. १८८८ ची, हिंदीतली. नागपुरात हिंदी वाचायला कोणी वेगळी शिकत नाही. एके काळी सीपी अँड बेरारची राजधानी, दुकानाच्या पाटीपासून भांडणापर्यंत सगळं दोन्ही भाषांत चालतं. तर मामांना ती कादंबरी जवळजवळ पाठ. आणि मालिका सुरू झाली की पाचव्या मिनिटाला मागून आवाज यायचा:

“अबे, हे तं जादू करून राहिले! ऐयार जादू करते काय? ऐयार बटवा उघडते!”

तेव्हा आम्हाला वाटायचं, मामा उगाच रसभंग करतात. मालिकेतल्या खलनायक क्रूरसिंहाच्या त्या भुवया आणि त्याचं ते “यक्कू” सोमवारी शाळेत अख्ख्या वर्गाच्या तोंडी असायचं. बटव्याचं कोणाला काय पडलंय?

कादंबरी मी बऱ्याच वर्षांनी वाचली आणि मग मामांचं दुखणं कळलं. खत्रींच्या कादंबरीत तसं पाहिलं तर जादू नाहीच. ऐयार म्हणजे वेश पालटण्यात तरबेज माणूस. त्याच्या कमरेच्या बटव्यात बेशुद्ध करायची पूड असते, शुद्धीवर आणायला नाकाशी धरायचा लखलखा असतो, तोंड रंगवायचं सामान असतं. तिलिस्म म्हणजे कोड्यांनी भरलेली गुप्त जागा, तीसुद्धा माणसांनीच बांधलेली: कळ दाबली की दगड सरकतो, पुतळा हलतो, दार उघडतं. सगळी मजा यात, की वाचताना आधी “हे कसं झालं?” असा प्रश्न पडतो आणि नंतर त्याचं उत्तर मिळतं. नीरजा गुलेरींच्या मालिकेने नावं घेतली, नौगढ-विजयगढ ही राज्यं घेतली, आणि पुढे आपली वाट धरली. त्या वाटेवर धूर, वीज, क्षणात गायब होणारी माणसं. एकदा माणूस मनात येईल तेव्हा गायब होऊ लागला की बटव्याची गरजच संपली. मामांना राग पात्रं बदलल्याचा नव्हता, प्रसंग वाढवल्याचाही नव्हता. त्या जगाचा कायदाच बदलला होता.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्ध्याहून जास्त उत्तर इथे आहे. फँटसी कादंबरीत लेखक तुम्हाला सुरुवातीलाच सांगून टाकतो की इथे काय होऊ शकतं, काय नाही आणि कशाला काय किंमत पडते. तो करार वाचकाच्या अंगात मुरलेला असतो. मालिकावाल्यांनी दोन पात्रांचं एक केलं, कोणाचे केस काळ्याचे पिवळे केले, अख्खं उपकथानक उडवलं, तरी वाचक आठवडाभर कुरकुर करून गप्प बसतो. करार मोडला की मात्र तो पेटतो.

आता ‘थ्रोन्स’. (पुढे कथा फुटते. बघितली नसेल तर सरळ शेवटाकडे जा.)

ही मालिका ज्यांवर बेतली त्या जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकांतलं पहिलं मला २००९ च्या उन्हाळ्यात बर्डीवर सेकंडहँड मिळालं, शेवटची पानं भिजून फुगलेली. मालिका यायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळे डोक्यात कोणाचाच चेहरा नव्हता. मग डोक्याने हाताशी होतं तेच सामान वापरलं. कथेतल्या स्टार्क घराण्याचा किल्ला विंटरफेल म्हणजे माझ्यासाठी रामटेकजवळचा नगरधनचा किल्ला, जिथे शाळेची सहल जायची. आणि त्या जगाच्या उत्तर सीमेवरची ती सातशे फूट उंच बर्फाची भिंत? मी आयुष्यात बर्फ बघितलेला तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेली लादी, वर लाकडाचा भुसा चिकटलेला. माझ्या भिंतीवर कितीतरी दिवस भुसा होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि मी त्या भिंतीच्या पायथ्याशी बसून वाचतोय.

२०११ मध्ये मालिका आली आणि पहिल्याच भागात नगरधन गेलं. त्यांचं विंटरफेल उत्तर आयर्लंडमध्ये कासल वॉर्ड नावाच्या जागी उभं केलेलं, आणि सुंदरच होतं. पण आता मी पुस्तक उघडलं तरी तेच दिसतं. वाचकाचं हे एक नुकसान मालिका कितीही चांगली असली तरी होतंच, आणि त्यात कोणाचा दोष नाही.

बदलांबद्दल बोलायचं तर सुरुवातीला त्यांनी जे बदललं त्यातलं बरंच मला पुस्तकापेक्षा आवडलं. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून चालतं, आणि पहिल्या पुस्तकात राजा रॉबर्ट किंवा राणी सर्सी यांच्या नजरेतलं प्रकरणच नाही. म्हणजे ते नवराबायको बंद खोलीत काय बोलतात हे वाचकाला कळायची सोयच नाही. मालिकेने पहिल्या सीझनमध्ये त्या दोघांना वाईनचे पेले घेऊन समोरासमोर बसवलं आणि आपलं लग्न कसं कुजत गेलं हे त्यांच्याच तोंडून वदवलं. पुस्तकात हा प्रसंग नाही. तरी पुस्तकाच्या कोणत्याच नियमाला धक्का लागत नाही. उलट आपण भिंतीपलीकडून ऐकतोय असं वाटतं. दुसऱ्या सीझनमध्ये आर्या ही स्टार्कांची पोर हॅरेनहालच्या किल्ल्यात शत्रू टायविनला पेले भरून देते, तेही तसंच. पुस्तकात ती रूज बोल्टन नावाच्या दुसऱ्याच सरदाराकडे असते. शत्रूच्या घरची पोर त्याच्याच समोर उभी आहे आणि त्याला पत्ता नाही! मी तर म्हणेन लेखकालाच हे सुचायला हवं होतं.

मग बिघडलं कुठे? माझ्यासाठी चौथ्या सीझनच्या शेवटी. टिरियन तुरुंगातून सुटतो आणि बापाला, म्हणजे त्याच टायविनला, मारतो, हे दोन्हीकडे आहे. पण पुस्तकात सोडवायला आलेला भाऊ जेमी जाता जाता एक कबुली देतो: टिरियनची पहिली बायको टिशा ही पैसे देऊन आणलेली बाई नव्हती, तिने खरोखर प्रेमाने लग्न केलं होतं, बापाच्या सांगण्यावरून आपण खोटं बोललो. या एका वाक्याने टिरियन फाटतो, भावावरही उलटतो आणि बापाच्या खोलीकडे वळतो. मालिकेत ही कबुलीच नाही. दोघे भाऊ गळ्यात पडतात, आणि टिरियन तरीही जिना चढून जातो. ज्याने फक्त मालिका बघितली त्याला वाटतं, बापाने छळलं होतं, मारलं, ठीक आहे. वाचकाला मात्र दिसतं की गोळी सुटली पण चाप कोणी ओढला हेच गायब आहे. आणि पुढे टिरियन पुस्तकात जितका कडवट होतो तितका मालिकेत होत नाही, त्याचं कारणही हेच.

(पुस्तकात मरून परत येणाऱ्या लेडी स्टोनहार्टला मालिकेने गाळल्याबद्दल मी तेव्हा भयंकर चिडलो होतो. आता वाटतं, गाळलं ते बरंच केलं. मेलेली माणसं परत येण्याचा मोह जितका कमी तितका चांगला.)

पाचवं पुस्तक आलं २०११ च्या जुलैमध्ये. सहावं मालिका संपेपर्यंत आलं नाही, अजूनही नाही. म्हणजे पुढे पुढे मालिकेला पुस्तकाचा आधारच उरला नाही. आणि मग अंतरं आटली. पहिल्या सीझनमध्ये उत्तरेहून राजधानीला जायला महिनाभर लागतो आणि त्या रस्त्यावरच अर्ध्या भानगडी होतात. सातव्या सीझनमध्ये भिंतीपलीकडे माणसं अडकतात, एक जण पळत किल्ल्यावर येतो, तिथून कावळा निरोप घेऊन पार दक्षिणेच्या बेटावर, तिथून ड्रॅगन उडत परत भिंतीपलीकडे, आणि अडकलेले लोक अजून त्याच खडकावर. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर हाडं खिळखिळी करून मुंबई गाठणाऱ्या माणसाला हे कसं पटावं? त्या जगात अंतर ही किंमत होती. ती माफ झाली आणि मीही मामांसारखाच चिडू लागलो.

शेवटचा भाग भारतात २० मे २०१९ ला, सोमवारी सकाळी साडेसहाला दिसणार होता. आम्ही पाच जण मित्राच्या प्रतापनगरातल्या फ्लॅटवर रविवारी रात्रीच मुक्कामाला. पाचात पुस्तकं वाचलेले दोघं. नागपूरचा मे, सकाळी साडेसहालाही भिंती तापलेल्या. कूलर लावला तर संवाद ऐकू येईनात, बंद केला तर घामाने सोफा भिजला. “कूलर बंद कर बे”, “लाव बे, मरून राहिलो” यात पहिली दहा मिनिटं गेली. शेवटी बंद ठेवून टॉवेल खांद्यावर टाकून बघितलं.

संपल्यावर कोणीच बोललं नाही. खाली उतरलो, कोपऱ्यावर तर्री-पोहे घेतले, आणि गंमत तिथे झाली. पुस्तकाचं पानही न उघडलेला मित्र, ज्याने आठ वर्षं आम्हा दोघांना “तुम्ही पुस्तकवाले रडके” म्हणून हिणवलं, तोच सगळ्यांत जास्त चिडला. शेवट काय केला याबद्दल नाही हो. राजा कोण झाला, कोण मेलं, हे त्याला चालत होतं. “ती ड्रॅगनवाली डेनेरिस शहर जाळते, ठीक आहे, पण तिथपर्यंत आली कशी ते दाखवा ना! सहा भागांत काऊन गुंडाळून राहिले?” त्याच्या पोह्यांवरची तर्री निवून वर तेल जमलं, तरी हा बोलतच होता. आधीच्या सीझनना दहा-दहा भाग, सातव्याला सात आणि शेवटच्याला सहा, हे त्याने बोटांवर मोजून दाखवलं. आठवा सीझन नव्याने बनवा म्हणून जी ऑनलाइन याचिका निघाली होती, जिच्यावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, तिच्यावर आमच्यापैकी सही करणारा तो एकटाच. वाचलेल्या आम्ही दोघांनी केली नाही.

मला तेव्हा उमगलं की आमच्यात आणि त्याच्यात फक्त वेळेचा फरक होता. वाचकाला ताप आधी चढतो, कारण त्याने करार कागदावर वाचलेला असतो. बघणाऱ्याने तोच करार पहिल्या चार सीझनमधून शिकलेला असतो, त्याला उशिरा चढतो. तेव्हा तुमचा तो डोकं खाणारा मित्र आहे ना, तो कशावर चिडतो ते एकदा नीट ऐका. “टिरियनचं नाक पुस्तकात कापलं जातं, इथे नुसता व्रण आहे” असं म्हणत असेल तर चहा पाजून गप्प करा. “हा असं का वागला?” असं म्हणत असेल तर टीव्ही पॉज करून विचारा.

आता दुसरा प्रश्न, आधी वाचावं का. हो, पण सगळं नाही. या मालिकांच्या मागची पुस्तकं विटांसारखी जाड असतात. पाचही संपवून मग बघेन म्हणाल तर दोन्ही राहून जाईल. पहिलं पुस्तक वाचा, आपली माणसं आपल्या डोक्यात एकदा उभी राहू द्या, मग खुशाल बघा. आणि मालिका आधीच बघून झाली असेल तर पहिलं सोडून थेट तिसरं वाचा, असा सल्ला मी दोघांना दिलाय. शिव्या बसल्या नाहीत अजून.

आमच्या घरी सध्या याच कारणाने वाद चालू आहे. भाची ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचतेय, मराठीतून. एचबीओने २०२३ मध्ये जाहीर केलंय की या पुस्तकांवर मालिका करणार. तिला आनंद एकाच गोष्टीचा: “मामा, आता पीव्ज येईल!” शाळेत धुडगूस घालणारं ते खोडकर भूत आठही सिनेमांत कुठेच दिसत नाही, त्यामुळे हॅरी कसा दिसतो हे तिला पोस्टरवरून आधीच ठाऊक असलं तरी पीव्जचा चेहरा मात्र अजून तिचा स्वतःचा आहे. मी म्हटलं, मग आत्ताच काढून ठेव. तिने काढला. हुबेहूब आमच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा, जो दुपारी सगळ्यांच्या बेल वाजवून पळतो. कागदावर तारीख घालून मी तो मामांच्या जुन्या ‘चंद्रकांता’त ठेवलाय.