बाबा म्हणतात, तुम्हीच बहिरे झालात

प्रश्न : माझे बाबा 71 वर्षांचे आहेत. पार्किन्सन होऊन 6 वर्षं झाली. गोळ्यांनी हाताचा कंप आटोक्यात आहे, पण आवाज इतका खोल गेलाय की शेजारी बसूनही "काय म्हणालात?" असं विचारावं लागतं. मग ते चिडतात. "मी ओरडतोय, तुम्हीच बहिरे झालात!" त्यांच्या आग्रहावरून आईचे कानही तपासून आणले, ते ठणठणीत निघाले. हा हट्ट समजायचा की आजार? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आजारच, ताई. आणि बाबा खोटं बोलत नाहीत. आपण ओरडतोय असं त्यांना खरोखरच वाटतं.

पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामीन हे रसायन कमी पडतं आणि हालचाली आखडतात. बाबांची जुनी सही आणि आत्ताची सही शेजारी ठेवून बघा, अक्षर बारीक झालेलं दिसेल. आवाजाचंही तेच होतं. श्वासाचा जोर कमी पडतो, स्वरतंतू पुरते जुळत नाहीत. ओठ घट्ट मिटत नाहीत, म्हणून 'प'मधून हवा निसटते. जीभ टाळूला नीट टेकत नाही, म्हणून 'क' घासल्यासारखा येतो. पण खरी मेख पुढे आहे. स्वतःच्या आवाजाचं मापच चुकतं. आपल्याला कुजबुज वाटते ती त्यांना नेहमीचं बोलणं वाटते आणि आपलं नेहमीचं बोलणं त्यांना ओरडणं वाटतं. म्हणून "जरा मोठ्याने बोला ना" हे दिवसातून वीसदा सांगून उपयोग होत नाही, माणूस फक्त दुखावतो.

माझ्या सासऱ्यांना हा आजार होता. ते सासूबाईंना "जेवलीस?" असं विचारायचे, पण सुरातला शेवटचा चढ गेलेला असायचा. कानावर पडायचं, "जेवलीस." सासूबाई गप्प राहायच्या आणि सासऱ्यांना वाटायचं, ही मला उत्तरही देत नाही. मी वाचा-उपचाराचंच काम करते, तरी हे लक्षात यायला मला कित्येक महिने लागले. त्याची हळहळ अजून आहे. मग आम्ही त्यांना 'का' लावायला सांगितलं, "जेवलीस का?" आणि उत्तरं यायला लागली.

बाबांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवा. बोलताना न कळणारं ऐकताना पुष्कळांना कळतं. मग वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा. अमेरिकेत वाचा-उपचारतज्ज्ञ लॉरेन रॅमिग यांनी विकसित केलेली एलएसव्हीटी लाउड ही पद्धत नेमकी यासाठीच आहे. आठवड्यातून 4 दिवस, 4 आठवडे, एकेक तास आणि घरी रोज सराव. सगळा भर एकाच गोष्टीवर, आवाज मोठा. त्याने उच्चारही सुधारतात. स्वतःला ओरडल्यासारखं वाटतं तेवढाच आवाज बरोबर आहे, हे बाबांच्या अंगवळणी पडायला वेळ लागेल. हा उपचार सुरू करण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या. तुमच्या मनाने त्यांना ताणून ओरडायला लावू नका.

गोळ्यांचा हाताला जेवढा उपयोग होतो तेवढा आवाजाला होईलच असं नाही, म्हणून डोस आपणहून वाढवू नका. महत्त्वाचं बोलणं गोळी लागू झालेल्या वेळात, टीव्ही बंद करून, समोरासमोर बसून करा. आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर न्यूरोलॉजिस्टना लगेच सांगा. गिळण्याचे स्नायूही याच आजारात मंदावतात.