पहिल्या ऑगस्टआधी

प्रिय मित्रा,

कॉलेजातून तू थेट अमेरिकन हायस्कूलचा फुटबॉल कोच व्हायला निघाला आहेस, म्हणजे हेल्मेट-पॅड घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलचा. तेव्हा डावपेचांची वही बाजूला ठेव आणि आधी ऑगस्टचा, म्हणजे सराव सुरू होण्याच्या दिवसांचा विचार कर. सुट्टीत मुलांची उन्हाची सवय मोडलेली असते, त्यावर पॅड चढतात. उष्माघाताने मुलं दगावतात ती बहुतेक याच दिवसांत, आणि ते टाळता येतं.

पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोडीला शोल्डर पॅड, पूर्ण पोशाख सहाव्या दिवशी. तोवर दिवसाला एकच सराव, जास्तीत जास्त ३ तास. पहिल्या शिट्टीआधी मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला हवा. मुलगा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला की पॅड उतरव, गळ्यापर्यंत टबात बसव, पाणी ढवळत राहा. अँब्युलन्स लगेच बोलाव, पण आधी थंड करायचं, मग हलवायचं. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नकोस. खेळाडूला घामाने निथळतानाही उष्माघात होतो.

हेल्मेट प्रत्येकाचं स्वतः तपास. पुढची कड भुवयांच्या साधारण इंचभर वर हवी. हेल्मेट धरून हलव. कपाळाची कातडी सोबत सरकली तर ठीक, नुसतं हेल्मेटच फिरलं तर सैल. मुलाने केस कापले की पुन्हा बघ. टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडताना, मान वर, नजर समोरच्यावर आणि धडक खांद्याची. दमलेली मुलं मान खाली घालतात, म्हणून टॅकलचा सराव सुरुवातीलाच उरक. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी मुलगा मैदानाबाहेर. तिथे आईबापांशीही तडजोड नको.

कॉलेजचे डाव जसेच्या तसे आणू नकोस. हायस्कूलच्या हॅशखुणा (मैदानाच्या लांबीने आखलेल्या दोन ओळी, डाव त्यांवरून किंवा त्यांच्या मधून सुरू होतो) मैदानाचे तीन सारखे भाग करतात, त्यामुळे चेंडू खुणेवर असला की अरुंद बाजूला ५३ फूट ४ इंच उरतात. कॉलेजात ६० मिळतात. त्या बाजूने कडेकडेने धावायचा तुझा आवडता डाव इथे रेषेबाहेर जाऊन संपेल. शिवाय लहान शाळेत एकच पोरगा आक्रमणातही असतो आणि बचावातही. कॉलेजात तू एकच जागा खेळलास. म्हणून डाव मोजकेच ठेव. कुणाला अडवायचं हे लाइनमनला, म्हणजे पुढच्या ओळीत अडवणाऱ्या पोराला, चटकन सांगता येत नसेल, तर नवा डाव शिकवू नकोस.

आणि शिक्षकाचा परवाना लवकर मिळव. बहुतेक शाळांत पोट शिकवण्यावरच भरतं, कोचिंगचा भत्ता वरचा.

तुझा,
एक जुना कोच