28 हजारांचं कोटिंग करू की गाडी घरीच धुऊ?

नाशिकहून एका वाचकाने विचारलंय: गेल्या वर्षी 2019 ची स्विफ्ट सेकंड हँड घेतली, लोन चालू आहे, हातात पगार 42 हजार येतो आणि बचत खात्यात 35 हजार आहेत. डिटेलिंगवाल्याने सिरॅमिक कोटिंगचे (गाडीच्या रंगावर चढवायचा चकाकता संरक्षक थर) 24 हजार अधिक जीएसटी सांगितलेत, क्रेडिट कार्डवर 12 महिन्यांचा ईएमआय करून देतो म्हणतोय, वर गाडीची किंमत टिकेल असंही म्हणतोय. करू का?

दादा, नका करू. का ते सांगतो.

24 हजारांवर 18 टक्के जीएसटी धरला की झाले 28,320. कार्डचा ईएमआय वर्षाला 16 टक्क्यांनी बसला असं धरू, तर हप्ता येतो 2,570 च्या आसपास, म्हणजे वर्षभरात अडीच हजार नुसतं व्याज, त्या व्याजावर परत जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळीच. आणि तुमच्याकडे अडीअडचणीला म्हणून आहेत ते 35 हजार, एका महिन्याचा पगारसुद्धा नाही तो, उद्या घरात कोणी आजारी पडलं तर गाडीचा हप्ता आणि चकाकीचा हप्ता दोन्ही त्यातूनच जाणार.

राहिलं किंमत टिकायचं. सेकंड हँड घेणारा मॉडेलचं वर्ष बघतो, किलोमीटर बघतो, कितवा ओनर, सर्व्हिस रेकॉर्ड, कुठे ठोकलीये का, हे बघतो. तुम्ही स्वतः घेतलीत तेव्हा हेच बघितलं असणार ना? कोटिंगचे 28 हजार कोणी वेगळे मोजून देत नाही. कोटिंग वाईट असतं असं नाही, पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, नवी कोरी गाडी असेल, आठ-दहा वर्षं वापरायची असेल आणि पैसे रोख बाजूला असतील तर जरूर करावं. पण कोटिंगवाले ते 9एच 9एच म्हणतात ना, ती पेन्सिलच्या टोकाने ओरखडा काढून मोजलेली हार्डनेस आहे, हायवेला ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली तर ती काही थांबत नाही.

आता घरी करायचं तर काय लागतं? दोन बादल्या, कार शॅम्पू, धुवायचा एक हातमोजा, चार-पाच जाड मायक्रोफायबर, एक वॅक्सचा डबा, चाकांना ब्रश, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसतं आणि वर्षभर पुरतं. भांड्यांचा साबण वापरू नका, आधीचं वॅक्स त्याने निघून जातं. सकाळी ऊन यायच्या आत सावलीत गाडी लावा, आधी नुसतं पाणी ओतून धूळ भिजवून खाली जाऊ द्या, मग वरून खाली, टपापासून सुरुवात, एका बादलीत शॅम्पू आणि दुसऱ्यात साधं पाणी, दर वेळी हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत. चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसा, नाहीतर काचेवर पांढरे डाग बसतात ते घासूनही जात नाहीत. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही.

आणि सोसायटीत 600 रुपयांत रोज गाडी पुसणारा लावला असेल तर त्याचाही विचार करा, वर्षाचे ते 7,200 होतात. माझ्या पहिल्या गाडीला तीन वर्षं रोज सकाळी कोरडं फडकं फिरत होतं, मला वाटायचं गाडी स्वच्छ राहतेय, एकदा दुपारच्या उन्हात बॉनेट तिरकं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे, धूळच सँडपेपरसारखी घासली जात होती. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. आठवड्यातून एकदा नीट धुतलेली बरी. (इंजिनवर मात्र पाईपने पाणी मारू नका, वायरिंग आणि सेन्सर असतात.)

या सगळ्याच्या आधी एक काम आजच करा. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, 2319 असेल तर टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलाय. गाडीबरोबर आलेलेच टायर असतील तर त्यांचं वय झालंय, आणि खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली असेल तर पावसात कसाऱ्याच्या घाटात नेऊच नका. चार टायर साधारण 20 ते 24 हजारांत होतात. 2,570 चा हप्ता भरायची तयारी होतीच ना तुमची? तेवढेच दर महिन्याला बँकेच्या रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका, टायर थोडे दिवस चालण्यासारखे असतील तर आठ-दहा महिन्यांत पैसे तयार, आणि आत्ताच बदलावे लागणार असतील तर 35 हजारांतून बदला आणि त्याच रिकरिंगने तो खड्डा भरून काढा. शॅम्पू-बादल्या या पगारात घ्या, वॅक्स पुढच्या.