आधी पैशाची वाट बंद करा: जुगार आणि मोबाइलवरचे खेळ, वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नवरा बोटीवर खलाशी आहे. मासेमारीच्या पावसाळी बंदीत घरी असताना मोबाइलवर पैसे लावून खेळायला लागला. कर्ज दीड लाखावर गेलंय. दागिने मोडून एकदाचं फेडून टाकू का? (हर्णै)

उत्तर: दागिने मोडू नका. कर्ज एकरकमी फिटलं की ताण उतरतो आणि नवी उचल मिळण्याची पतही परत येते. मग डाव पुन्हा सुरू होतो. जुगाराच्या विकाराचं निदान करताना ‘पैशाच्या अडचणीतून सुटायला दुसऱ्यावर विसंबणं’ हे एक लक्षणच धरलं जातं.

तो शांत असेल तेव्हा वही घेऊन बसा. हरल्याच्या रात्री नको. बोटमालकाची उचल, बचत गट, सोनार, कर्जाची अ‍ॅप: कोणाचे किती, व्याज काय, तारीख कोणती, सगळं लिहा. लाजेमुळे एखादा आकडा मागे राहतोच, म्हणून आठवड्याने पुन्हा विचारा. मग त्याच्या संमतीने कार्डाचा ऑनलाइन वापर बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा, ऑटोपेमधल्या (आपोआप पैसे कापण्याच्या) अनोळखी मंजुऱ्या रद्द करा. कर्जाचं अ‍ॅप काढण्याआधी बाकी रकमेचा स्क्रीनशॉट घ्या, कारण अ‍ॅप गेलं तरी देणं राहतं. हप्ते तुमच्या हातून ज्याचे त्याला जाऊ देत.

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत वेळ रिकामा असतो, हे खरं. पण ऑगस्टनंतर हिशोबाचे पहिले पैसे हाती येतात, तो आठवडा जास्त जपा. उपचारांसाठी रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. ‘जगून काय करू’ असं तो बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच क्षणी फोन लावा. जुगाराच्या कर्जात आत्महत्येचा धोका खरोखर वाढतो.

प्रश्न: गणपतीत आरतीनंतर वाडीत रात्रभर पत्ते चालतात. हेही व्यसनच का? (संगमेश्वर)

उत्तर: बहुतेकांचं नाही. दोन प्रश्न विचारा: दर वेळी जास्त पैसे लावावेसे वाटतात का? किती लावले हे घरी खोटं सांगावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसाची नीट तपासणी व्हायला हवी. विसर्जनानंतरही डाव शोधत फिरणारा कोण, तेही वाडीला माहीत असतं.

प्रश्न: विमान उडतं आणि पडण्याआधी पैसे काढायचे, असा खेळ टेलिग्रामच्या लिंकवरून खेळतो. ४० हजार गेले. बऱ्याचदा अगदी थोडक्यात हुकतं. तेवढे परत मिळवून थांबू का? (चिपळूण)

उत्तर: आजच थांबा. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ मध्ये स्लॉट मशीनसारखा खेळ देऊन मेंदूचे स्कॅन घेतले. थोडक्यात हुकलेल्या डावाला मेंदूचे जिंकण्याशी जोडलेले भागच प्रतिसाद देत होते. तो डाव लोकांना साध्या हरण्यापेक्षा जास्त खुपला, तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढली, आणि ती वाढली निवड त्यांनी स्वतः केली होती तेव्हाच. तुमच्या खेळात बटण तुमच्याच हातात दिलंय, ते याचसाठी परिणामकारक ठरतं. प्रत्यक्षात मागच्या उड्डाणांवरून पुढचं कळत नाही. समजा खेळ १०० रुपयांमागे सरासरी ९७ परत देतो. दर डावाला १०० रुपये असे तुम्ही ४०० डाव लावले, तर सरासरी तोटा १,२०० रुपये. डाव वाढवाल तसा तोटाही वाढतो.

लिंक देणाऱ्याचे ‘हजाराचे लाख’ छापाचे स्क्रीनशॉट पुरावा धरू नका. अशा लिंकवर त्याला बऱ्याचदा कमिशन मिळतं, कधी तर तुमच्या तोट्यातला वाटा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, नुसतं खेळणाऱ्याला नाही, तेव्हा मदत मागायला घाबरू नका. मात्र असे पैसे पुष्कळदा भाड्याच्या, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या नावावरच्या बँक खात्यांतून फिरवतात. जिंकलेली रक्कम तशा खात्यातून आली तर तुमचंच खातं गोठू शकतं. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, जितक्या लवकर तितकं बरं.

प्रश्न: चौदा वर्षांचा मुलगा फुकटच्या गेममध्ये बंद पेट्या विकत घेतो. हा जुगारच ना? (कुडाळ)

उत्तर: रचना तीच आहे: पैसे आधी, आत काय ते नशिबावर. २०१८ मध्ये बेल्जियमने अशा विकतच्या पेट्या जुगारात मोडल्या. त्याच वर्षी झेंडल आणि केर्न्स या संशोधकांनी दाखवलं, की पेट्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांमध्ये जुगाराची समस्याही जास्त गंभीर असते. पेट्यांमुळे जुगार लागतो, की जुगाराकडे ओढा असलेलेच पेट्या घेतात, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून मुलाला ‘जुगारी’ म्हणू नका. नुसत्या तासांवरूनही निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटना तीन गोष्टी बघते: ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही चालू ठेवणं, साधारण वर्षभर.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. फोनमध्ये त्याचं बोट नोंदवलेलं असेल तर बोटाच्या ठशाने खरेदी बंद करून फक्त पासवर्ड ठेवा. साठवलेलं कार्ड आणि यूपीआय काढा. मग खरेदीचा इतिहास उघडून सहा महिन्यांची बेरीज त्यालाच करायला सांगा.