रोज प्रार्थना करूनही भीती जात नाही, माझा विश्वास कमी पडतोय का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेल्यापासून रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, आणि मंडळीतले (चर्चमधले) लोक 'विश्वास वाढवा' म्हणतात. हेतू चांगला असेल, पण निदान चुकलंय. बायबलमध्ये 'भिऊ नको' हे घाबरलेल्यांनाच सांगितलंय: गिदोनाला, मरियेला, मेंढपाळांना. गेथशेमाने बागेत तर येशू स्वतः व्याकूळ होऊन तीच प्रार्थना तीनदा करतो. ('भिऊ नको' बायबलमध्ये बरोबर 365 वेळा येतं हा व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड मात्र मोजायला बसलं की टिकत नाही.)

रात्रीसाठी बायबलमधलं स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत स्तोत्रकर्ता दावीद देवाला चारदा 'कोठवर?' विचारतो, पुढच्या दोनांत मागणं, आणि भरवसा येतो तो पाचव्यात. आपण थेट पाचव्यावर उडी मारतो, म्हणून ते वचन तोंडात राहतं, पोटातला गोळा तसाच.

दिवा लावून उठून बसा आणि सावकाश, आवाज काढून वाचा. दुसऱ्या वचनानंतर थांबून आपलं 'कोठवर' सांगा. 'प्रभू, सगळं ठीक कर' असं मोघम नको. '5 तारखेचा हप्ता कुठून भरू?' असं नेमकं. चौथ्यानंतर उद्यापुरती एकच गोष्ट मागा, मग शेवटची दोन वाचा, मन कोरडं असलं तरी. दावीदाची परिस्थिती पालटली असं स्तोत्रातही कुठे म्हटलेलं नाही. दहा मिनिटं पुरे. तासभर बसलात तर प्रार्थना कधीच संपलेली असते, काळजीच देवाचं नाव घेऊन घोळत राहते.

पोटाकडेही बघा. बायबलमधल्या 1 राजे 19 मध्ये ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. म्हणून मला विचाराल तर या दिवसांत उपास धरू नका. पुढे त्याच अध्यायात एलीयाला त्याचा शिष्य अलीशा सोबतीला मिळतो. तसं एकाच भरवशाच्या माणसाला, पाळकांना चालेल, कर्जाच्या आकड्यासकट सगळं सांगा. प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर नको, तिथे विनंतीची बातमी व्हायला वेळ लागत नाही.

दोन आठवडे झोप नीट लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर लगेच. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला 'प्रिय वैद्य लूक' म्हटलंय, तेही कौतुकानेच. आणि जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट पाहू नका, घरच्यांना उठवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतं.