‘शिल्लक’ म्हणजे नेमकी कोणती?

वाचकांचे प्रश्न : मोघम मागण्या आणि सॉफ्टवेअरचं काम

प्रश्न : एका क्लायंटला ‘मालाचा हिशेब ठेवणारं सोपं सॉफ्टवेअर’ हवं आहे. तीन बैठका झाल्या, पण दर वेळी ‘नेहमीचंच आहे, तुम्हाला कळतंच की’ याच्या पुढे गाडी जात नाही. आणखी काय विचारायचं?

उत्तर : ‘तुम्हाला काय हवंय?’ हे विचारणं आधी बंद करा. रोज हाताखालून जाणारं काम माणसाला करता येतं, सांगता येतंच असं नाही. मात्र तेच काम चुकीचं लिहून समोर ठेवलं की तो लगेच म्हणतो, ‘छे, असं नसतं.’ तुम्हाला हे ‘छे’ काढून घ्यायचं आहे.

चौथ्या बैठकीला कागद मागा. चालू वह्या, एक्सेल शीट, बिलांच्या प्रती आणि अलीकडचे वीसेक व्यवहार. त्यांतले निदान पाच बिनसलेले हवेत : माल परत आला, फुटला, मोजणीत कमी भरला, बिल रद्द झालं, पैसे अर्धेच आले. सरळ व्यवहार कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसतात. वेळ खातात ते हे पाच.

मग एकेक शब्द सोलायला घ्या. ‘शिल्लक’ हाच घ्या. गोदामात १०० नग आहेत, त्यांतले ३० कुणासाठी तरी राखून ठेवलेत, आणि मागवलेले ५० वाटेत आहेत. स्क्रीनवर १०० दाखवायचे, ७० की १२०? गोदाम सांभाळणारा १०० म्हणेल, विक्रीवाला ७०, खरेदीवाला १२०, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. ‘शिल्लक’ नावाचा एकच रकाना ठेवलात, तर तिघांपैकी दोघांची तक्रार कायमची.

असेच पुढचे प्रश्न. १२ नगांच्या खोक्यातून ५ सुटे विकले, तर उरलेले कसे दाखवायचे? मागच्या तारखेची नोंद कोण करू शकतो, आणि किती दिवसांपर्यंत? शेवटचा नग दोघांनी एकाच वेळी विकला तर कुणाची नोंद टिकते? शिल्लक शून्याखाली जाऊ द्यायची का? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण ठामपणे ‘नाही’ म्हणतात. पण जिथे माल दुपारी विकला जातो आणि आवक संध्याकाळी नोंदवली जाते, तिथे हा ‘नाही’ पाळला की विक्रीच अडते. म्हणून उत्तर मिळालं तरी वहीत खरं काय चालतं ते ताडून बघा.

उत्तरं उदाहरणाच्या रूपात लिहा : ‘गोदामात १००, राखीव ३० असताना ८० नगांची ऑर्डर आली, तर नोंद होत नाही आणि फक्त ७० उपलब्ध असल्याचं दिसतं.’ असं वाक्य क्लायंट वाचतो आणि त्यावर भांडतो. चाळीस पानी दस्तऐवजावर तो न वाचता सही करतो. शिवाय ही वाक्यं पुढे टेस्टिंगला जशीच्या तशी कामी येतात.

प्रश्न : लेखी मागणीत ‘सिस्टिम फास्ट, सुरक्षित आणि यूजर फ्रेंडली असावी’ असं आहे. हे मान्य करावं का?

उत्तर : असंच्या असं नाही. ‘फास्ट’ला आकडा लावा : ‘१ लाख नोंदी असताना आणि ५० जण एकाच वेळी काम करत असताना १०० पैकी ९५ शोधांचं उत्तर २ सेकंदांत यावं.’ नोंदी किती आणि माणसं किती, हे दोन्ही त्यात असू द्या. नाहीतर दहा नोंदींवर उत्तम चाललेला डेमो पुढे गळ्याशी येतो. सरासरीचा करार टाळा. ९० शोध अर्ध्या सेकंदात आणि १० शोध दहा-दहा सेकंदांनी आले तरी सरासरी १.४५ सेकंद दिसते. फोन मात्र त्या दहांचेच येतात. आकडा कुठून आणायचा हे सुचत नसेल, तर साधारण अंदाज असा : ०.१ सेकंदात घडलेलं तात्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत माणसाची तंद्री मोडत नाही, १० सेकंदांनंतर तो दुसऱ्या कामाला लागतो.

‘यूजर फ्रेंडली’साठी काम आणि वेळ लिहा : नव्या माणसाने कुणालाही न विचारता ५ ओळींचं बिल ३ मिनिटांत करावं. मग पाच जणांना बसवून बघा, आणि बघताना तोंड बंद ठेवा. ‘सुरक्षित’ हा मोठा विषय आहे; निदान एक तक्ता तरी भरून घ्या. आडव्या ओळीत पाहणं, भरणं, बदलणं, रद्द करणं, एक्स्पोर्ट. उभ्या रकान्यात कामाच्या भूमिका. रिकामा राहिलेला प्रत्येक चौकोन म्हणजे न घेतलेला निर्णय.

‘असावी’ आणि ‘असलीच पाहिजे’ हेही वेगळं करा. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनासुद्धा ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ या शब्दांचे अर्थ १९९७ मध्ये आरएफसी २११९ या दस्तऐवजात ठरवून द्यावे लागले.

प्रश्न : काम ठरलेल्या रकमेचं आहे. प्रत्येक डेमोनंतर ‘फक्त एक फील्ड वाढवा’ असं येतं. नकार दिला तर संबंध बिघडतात, दिला नाही तर तोटा होतो.

उत्तर : नकार देऊ नका, हिशेब द्या. ‘एक फील्ड’ म्हणजे डेटाबेसमध्ये रकाना, फॉर्मवर जागा, काय भरलेलं चालेल याची तपासणी, यादीत आणि शोधात ते दिसायचं का याचा निर्णय, छापील बिल, रिपोर्ट, एक्स्पोर्ट, इम्पोर्टचा नमुना, परवानग्या आणि नव्याने टेस्टिंग. आणि ज्याची आठवण हमखास शेवटी होते ते म्हणजे जुन्या हजारो नोंदींत या फील्डला काय ठेवायचं. फील्ड अनिवार्य असेल, तर जुनी नोंद उघडून साधा फोन नंबर बदलायला गेलेला माणूस तिथेच अडकतो.

यासाठी अर्ध्या पानाची चेंज रिक्वेस्ट पुरते : काय बदलायचं, कशाकशाला हात लागतो, किती तास, कोणती तारीख सरकते किंवा बदल्यात काय गाळायचं. तासाभराची किरकोळ कामं फुकट करायला हरकत नाही, पण तीही ‘शून्य रुपये’ म्हणून नोंदवा. वीस शून्यांची यादी समोर आली की बोलणं सोपं होतं. मूळ एस्टिमेटमध्येच बदलांसाठी तास राखून ठेवले आणि ते क्लायंटला उघड सांगितले, तर ते कुठे खर्चायचे हे तोच जपून ठरवू लागतो.

बग कुठला आणि बदल कुठला, हा वाद नेहमीचा. लिहिलेल्या उदाहरणाच्या विरुद्ध वागतंय तो बग, तुमच्या खर्चाने. ज्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही तो बदल. लिहिलेलं दोन्हीकडे वळवता येत असेल, तर लिहिणारे तुम्ही होतात. तिथे अर्धा भार उचला.

प्रश्न : निम्म्या गोष्टी स्पष्ट नसताना एस्टिमेट कसं द्यायचं?

उत्तर : प्रत्येक कामाला तीन आकडे द्या : सगळं सुरळीत झालं तर, बहुधा, आणि सगळं बिघडलं तर. समजा ३, ५ आणि १६ दिवस. मधल्याला चौपट वजन देऊन सहाने भागा : (३ + २० + १६) ÷ ६ = ६.५ दिवस. तुम्ही सहज ‘५’ म्हणून गेला असतात; अशा तीस कामांत तूट दीड-दीड दिवसाने साचत जाते.

पण पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात चौपटीहून जास्त अंतर दिसलं, तर सूत्र बाजूला ठेवा. तिथे अंदाज चुकत नसतो, माहितीच नसते. वरच्या उदाहरणातही ते पाचपटीहून जास्त आहे! अशा कामाला आधी दोन दिवसांचा वेगळा, पैसे घेऊन केलेला शोध लावा आणि त्यातून काय हाती येणार ते लिहून द्या : भरलेला नमुना, प्रश्नांची यादी, नवे तीन आकडे. क्लायंट यालाही तयार नसेल, तर ठरलेल्या रकमेचा करार करू नका. तासांवर काम घ्या, दर दोन आठवड्यांनी थांबता येईल अशी अट घाला.

प्रश्न : ‘त्या अमुक अ‍ॅपसारखंच करा’ म्हणतात.

उत्तर : त्यातल्या आवडणाऱ्या तीन स्क्रीन मागा आणि प्रत्येकीवर नेमकं काय आवडलं तिथे गोल करायला लावा. पुष्कळदा रंग किंवा एक बटण निघतं. न दिसणारा भाग, म्हणजे परतावे, तक्रारी, चुकीच्या नोंदी दुरुस्त करणारा अ‍ॅडमिनचा पडदा, त्या अ‍ॅपमध्येही असतोच. तो कोण सांभाळणार, हे त्याच बैठकीत विचारा.

प्रश्न : फोनवर एक जण एक सांगतो, मेसेजवर दुसरा उलटं. उत्तरासाठी थांबलो तर तारीख चुकते.

उत्तर : अंतिम निर्णय देणारी एकच व्यक्ती करारात नावानिशी ठरवा. फोन झाला की त्याच दिवशी चार ओळींचं टिपण त्या व्यक्तीला पाठवा. प्रश्न विचारताना सोबत पर्यायही द्या : ‘मंगळवारी संध्याकाळपर्यंत उत्तर न आल्यास पहिला पर्याय धरून पुढे जातो.’ ही सवलत मागे फिरवता येणाऱ्या गोष्टींपुरतीच वापरा, जसं की रकान्यांचा क्रम, बटणाचं नाव, यादीत २५ ओळी की ५०. रक्कम पूर्णांकात आणायचा नियम, जुना डेटा पुसणं, कुणाला कुणाचा पगार दिसावा, यांबाबत मौन म्हणजे संमती धरू नका. तिथे काम थांबवा, आणि थांबलेले दिवस तारखेत मिळवून कळवा.

प्रश्न : डिझाइन दाखवलं की ‘छान’ म्हणतात, बनवलं की ‘हे नको’.

उत्तर : रंगीत, चकचकीत डिझाइन बघून माणूस रंगांवर बोलतो, शिवाय काम जवळजवळ झालंच असं समजतो. सुरुवातीला काळ्या-पांढऱ्या रेघांची स्क्रीन दाखवा, पण आतला डेटा त्यांचाच, खरा घाला : सगळ्यांत लांब नाव, एकही निकाल नसलेला शोध, ५०० ओळींची यादी, रद्द झालेलं बिल. आणि ती स्क्रीन साहेबांऐवजी रोज नोंदी करणाऱ्या माणसापुढे ठेवा. ‘यात कालचं पहिलं बिल भरून दाखवा’ म्हणा, आणि बोट कुठे थबकतं ते लिहून घ्या.